गोदाने भरवलेली आळी

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीच्या धक्क्याकडे उतरत जाणारी एक गल्ली होती. तिला गलबतआळी म्हणत. गोदा लग्न होऊन त्या आळीत आली तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती, आणि पहिले काही दिवस तिला त्या गलबल्यात झोपच येईना. भरतीच्या वेळी मचवे लागायचे, मिठाच्या गोणी उतरायच्या, मुरबाडकडचं लाकूड चढायचं, खलाशी एकमेकांना हाका मारायचे. आगगाडी तेव्हा येऊन काही वर्षं झाली होती. पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बंदराला अजून तिची भीती वाटत नव्हती.

गोदाच्या सासूची खानावळ होती. तांदळाच्या भाकऱ्या, भात, सुकटीचं कालवण. खलाशी आणि हमाल ओटीवर पंगत धरून बसत. सासूने सुनेला चुलीपुढे बसवलं ते कायमचंच. सासू गेली, आणि खानावळ गोदाची झाली. तिचा नवरा नाथा मिठाच्या मचव्यावर तांडेल होता. गाडी घाट चढून देशावर गेली आणि हळूहळू माल तिच्या मागे गेला. मचवे कमी झाले. नाथा मुंबईच्या गोदीत कामाला लागला आणि तिथे अंगावर कापसाची गासडी पडून मेला. गोदाच्या पदरात तुळसा नावाची लेक तेवढी राहिली.

पुढची पंधरा-वीस वर्षं गोदाने आळी रिकामी होताना बघितली. एक घर बंद व्हायचं, मग त्याच्या शेजारचं. माणसं गिरणीत जायची, जाताना गोदाच्या ओटीवर जेवायची, "दिवाळीला येतो" म्हणायची. कौलं घसरायची, ओट्यांवर रानतुळस माजायची. धक्क्यालगतच्या मोठ्या दगडी वखारी वटवाघळांनी धरल्या. तुळसाचं लग्न झालं; जावई दौलत, मनगटात चांगला जोर असलेला पोरगा, तोही परळच्या गिरणीत गेला आणि तुळसा आईपाशीच राहिली. एका संध्याकाळी गोदा भात उपसून बसली आणि जेवायला कुणीच आलं नाही. ती बराच वेळ त्या भाताकडे बघत राहिली. आपण म्हातारे होऊ तेव्हा या आळीत आपल्याला खांदा द्यायलाही कोणी उरणार नाही, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांकडे गेली.

अण्णा म्हणजे गावातले वकील. नगरपालिकेच्या कमिटीत होते. साठीला टेकलेले, दम्याने बेजार, पण गावाचं काही बरं व्हावं याची खरी कळकळ असलेले. ते ओसरीवर बसलेले आणि गोदा अंगणात उभी, असं त्यांचं बोलणं व्हायचं. ती रीतच होती.

"अण्णा, टेसनाजवल भुसारवाल्यांचं धान्य उघड्यावर पडतं, पावसात सडतं," गोदा म्हणाली. "आन आमच्या वखारी रिकाम्या. ते धान्य आमच्याकडं का नाय येत?"

"मधे खाजण आहे ना. बैलगाड्या रुततात."

"मग भरा ना खाजन. सडक करा."

अण्णा हसले. मग हसायचे थांबले. "गोदा, सडक झाली तरी व्यापारी नुसत्या सडकेवर येत नाही. त्याला दिवे लागतात. बाजार लागतो. हमालांना राहायला घरं लागतात."

"घरं हायेत की. घरंच घरं हायेत. मानसं नायत."

त्या दिवशी अण्णांनी कागद घेतला आणि आळीचा आराखडा काढायला बसले. पुढे महिनोन्महिने तेच चाललं. अण्णा छत्री घेऊन आळीत यायचे, पावलांनी जागा मोजायचे. गोदा त्यांच्याबरोबर चार हात अंतर ठेवून चालायची आणि कोणतं घर कुणाचं, मालक मुंबईत कुठे असतो, तो घर भाड्याने देईल की नाही, ते सांगायची. खाजण भरायचं, खडीची सडक स्टेशनापर्यंत न्यायची, वखारी दुरुस्त करायच्या, मंगळवारचा बाजार आळीत भरवायचा, घासलेटचे दिवे लावायचे. कमिटीत अण्णा भांडले आणि खडी मंजूर करून आणली. मुरूम मात्र आळीने आपल्या पाठीवर आणायचा असं ठरलं, आणि गोदा दारोदार फिरली. "घरटी एक मानूस, सकालच्या पारी. तुमच्या पोरांसाठीच हाय," असं म्हणत तिने सगळ्यांना बाहेर काढलं.

एकीनेच विरोध केला. रंगूबाई. आळीतली सगळ्यांत जुनी बाई, एकटी, शेळी पाळून राहणारी. वखारींच्या मागच्या भिंती ढासळल्या होत्या. नवीन भिंती बांधण्यापेक्षा वखारीचं छप्पर मधल्या बोळावरून ओढून घरांच्या मागच्या भिंतीवर टेकवायचं, म्हणजे दगड वाचेल आणि जागाही वाढेल, असं ठरत होतं. गोदालाही ते पटलं होतं.

"मधी बोल हाय, तो कुटं जानार?" रंगूबाईने विचारलं. "वारा कुटून येनार?"

"मावशे, वारा खाऊन जगतंस का तू?" गोदा म्हणाली, आणि सगळे हसले.

रंगूबाई हसली नाही. "धान्याला टेकून झोपायचं म्हंजे बरं नाय," ती पुटपुटली आणि शेळी घेऊन घरात गेली. छप्पर टेकलं. बोळ बुजला.

सडक झाली. भुसाराचे मोठे व्यापारी उत्तमशेट पहिल्याने आले, मग त्यांचं बघून इतर आले. वखारींत तांदूळ, ज्वारी, हरभरा छताला लागला. मंगळवारचा बाजार भरू लागला. दिवाळीला येतो म्हणून गेलेली माणसं खरोखरच परत आली, आणि त्यांच्यात दौलत होता. उत्तमशेटने त्याला वखारीचा मुकादम केला. तुळसाच्या चेहऱ्यावर रंग आला. खानावळीत दोन-दोन पंगती उठू लागल्या. गोदाने तांब्याची नवी तपेली घेतली. दिवेलागणीला ती ओटीवर उभी राहायची आणि सडकेवरचा एकेक दिवा लागताना बघायची. तिला वाटायचं, नाथा असता तर त्याला हाताला धरून दाखवलं असतं.

उंदीर मात्र फार झाले. आढ्यावरून धावायचे, भिंतीतून कुरतडायचे, माणसाला भ्यायचे नाहीत. कुणी कुरकुर केली की उत्तमशेट म्हणायचे, "जिथे दाणा तिथे उंदीर. लक्ष्मीची पावलं समजा." लोकांना ते आवडायचं. गोदाही गिऱ्हाइकांना तेच सांगायची.

अठराशे शहाण्णव सालच्या भाद्रपदात मुंबईहून बातमी आली की मांडवीकडे माणसं तापाने मरतायत. जांघेत, काखेत गाठ येते आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग मुंबईची माणसं यायला लागली. गाडीतून उतरायची आणि बोचकी घेऊन सरळ गलबतआळी विचारत यायची, कारण तिथे खोल्या मिळतात हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. आठवडाभरात आळीत तसूभर जागा राहिली नाही. पडव्या भरल्या, ओट्या भरल्या. माणसं हळू बोलायची, खोकला आला की तोंड फिरवायची, आणि मुंबईचं काही विचारलं की उठून जायची.

गोदाच्या ओटीवर एक बाई रोज जेवायला यायची. शीला तिचं नाव. नवऱ्याबरोबर मांडवीतून पळून आलेली. एकदा भाकरी मोडता मोडता ती एकदम थांबली आणि वर आढ्याकडे बघायला लागली.

"काय बगतंस गं?" गोदाने विचारलं.

"तुमच्याकडे उंदीर आहेत ना अजून?"

"वीट आनलाय मेल्यांनी."

"बरंय," शीला म्हणाली. "धावतायत तोवर बरंय. आमच्या चाळीत आधी तेच मरून पडायला लागले होते."

गोदाने तिच्या पानात कालवण वाढलं आणि पुढच्या माणसाकडे गेली. पण त्या दिवसापासून तिचा कान आढ्याला लागला.

दिवाळीनंतर दौलत एका दुपारी जेवायला आला तो हात धुऊनही पुन्हा पुन्हा धुवायला लागला. तुळसाने विचारलं तर तिला टाळून पुन्हा पाण्याकडे वळला. शेवटी गोदापाशी येऊन म्हणाला, "मामी, मागच्या वखारीत उंदीर मरून पडलेत. गोण्या उचलल्या की खाली ढीग. शेट म्हणाले, ओहोटीला खाडीत टाका आणि तोंड बंद ठेवा. आम्ही हातांनी उचलले."

त्याच दिवशी परसात भर उन्हात एक उंदीर भिंतीतून बाहेर आला. झिंगल्यासारखा चालत होता. मांजर समोर बसलं होतं. तो त्याच्याकडे वळलाही नाही, गोल गोल फिरला आणि चुलीच्या लाकडांपाशी आडवा झाला. मांजराने त्याला तोंड लावलं नाही. तेही मागे सरकलं.

गोदा पदर खोचून तडक उत्तमशेटच्या पेढीवर गेली.

"शेट, वखारी रिकाम्या करा."

उत्तमशेटने तिला आत बोलावलं, नोकराला बाहेर घालवलं. "गोदाबाई, हळू बोला. उंदराला विष घातलं होतं मी."

"खरं सांगा."

शेटच्या कपाळावर घाम होता. "खरं ऐकायचंय? ही गोष्ट बाहेर गेली की उद्या साहेब येईल, वखारींना टाळं लावील, बाजार बंद करील. तुमची खानावळ, ही माणसं, सगळं जाईल. एवढी वर्षं खपून तुम्ही ही पेठ उभी केलीत. तुमच्या हातांनी मोडणार?"

गोदा पेढीवरून उतरली. ती अण्णांकडे गेली. अण्णांना हल्ली धाप जास्त लागायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"चार दिवस बघू या," ते म्हणाले. "उगाच घबराट नको. कदाचित विषच असेल."

गोदाला ते ऐकून बरं वाटलं, हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही. चार दिवस बघू या, असं तिनेही स्वतःला सांगितलं. ती परत आली, चूल पेटवली, पंगत वाढली. आढ्यावर आता काहीच धावत नव्हतं. ती शांतता तिला जेवताना, वाढताना, सारखी ऐकू येत होती. शीला जेवायला आली नाही. चौकशी केली तर नवरा-बायको पहाटेच खोली सोडून, कुणाला न सांगता निघून गेली होती.

त्या चार दिवसांत वखारीचे दोन हमाल तापाने पडले. तिसरा, काळुराम म्हणून एक तरणाबांड, बाजारातच चालता चालता बसला आणि बरळायला लागला. मग दौलत घरी आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. डोळे लालभडक. तुळसा पुढे धावली तर म्हणाला, "लांब राहा."

जांघेत गाठ होती. वैद्याने लेप दिला, पण नाडी धरताना नजर चुकवली. दौलत तीन दिवस तापात गिरणीचे भोंगे ऐकत होता, कामावर उशीर होतोय म्हणून उठू बघत होता. गोदाने त्याला दोन्ही हातांनी दाबून धरलं. शेवटच्या दिवशी पहाटे त्याने तिला नीट ओळखलं. "मामी, तुळसाला इथं ठेवू नका," म्हणाला. उजाडता उजाडता गेला.

त्याला उचलायला जी चार माणसं यायला हवी होती त्यांच्यातली दोनच आली. उरलेले दोघे आपापल्या दारांच्या आडून बघत होते. खांदा द्यायला अण्णांनी आपले दोन गडी पाठवले.

स्मशानातून माणसं परतली, अंघोळी झाल्या, आणि गोदा ओल्या लुगड्याने उठली. तिने खानावळीची चूल विझवली. पाणी ओतून, राख काढून, विझवली. मग शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली, आणि भर दुपारी, सगळी आळी बघत असताना, आपली तपेली, हंडे, पाटा-वरवंटा गाडीत चढवायला लागली. तुळसा भिंतीला टेकून बसली होती. तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

लोक जमले. "गोदे, कुटं चाललीस?"

"मोहन्याच्या वाटेवर मालरान हाय ना, तिकडं. झाप घालून राहनार. ज्यांना जेवायचं हाय त्यांनी तिकडं या. इथं आता चूल पेटनार नाय."

"सुतकात घर सोडतंस?"

"घरच मेलंय," गोदा म्हणाली. "वखारीतले उंदीर मेलेत. शेटनी खाडीत टाकलेत. दौलतनी आपल्या हातानं टाकलेत. तुमच्या भिंतीमागं तेच धान्य हाय. ऱ्हावा नायतर चला."

गलका उडाला. एक हमाल ओरडला, "तूच बोलावलंस ना आमाला हितं? तूच घरं दिलीस. आता तूच उठवतंस?"

"व्हय. मीच बोलावलं, मीच उठवते. शिव्या मालरानावर येऊन दे."

ती तेवढ्यावर थांबली नाही. गाडी उभी ठेवून ती पुन्हा दारोदार गेली, त्याच दारांना, त्याच हाका मारत. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं, कुणी मुकाट्याने पोरं बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा समोरून अण्णा येत होते. छत्री नव्हती, पागोटं नव्हतं, श्वास घशात अडकत होता. मागे दवंडीवाला.

"मी कमिटीला कळवलं," ते म्हणाले. "वखारींना कुलपं लागतील. मी चार दिवस आधी…" तिच्या दारापर्यंत ते तसेच चालत आले. ते गोदाच्या ओटीवर बसले, जन्मात पहिल्यांदा, आणि पाणी मागितलं. घरात पाण्याचं भांडं उरलं नव्हतं. गोदाने गाडीतून तांब्या काढून दिला. अण्णा घटाघट प्यायले, उठले, आणि दवंडीवाल्याच्या पुढे पुढे चालत, धापा टाकत, एकेका घराला नाव घेऊन हाक मारत गेले. वकिलाच्या तोंडून नाव ऐकल्यावर पुष्कळशी दारं उघडली.

रंगूबाईचं दार उघडंच होतं. ती उंबऱ्यावर बसली होती.

"मावशे, चल."

"मी नाय येत. शेली ने माजी."

"तू म्हनत होतीस तेच झालं गं. बोल ठेवाय पायजे होता."

"मना काय ठाव होतं?" रंगूबाई म्हणाली. "मी आपली वाऱ्यासाठी बोल्ले." तिने शेळीचं दावं गोदाच्या हातात दिलं आणि दार ओढून घेतलं.

माळावर झाप उभे राहिले. पाचोळ्याचे, पेंढ्याचे, जुन्या शिडांचे. सगळी आळी आली नव्हती. अर्धीच्या वर आली होती. जे आले त्यांच्यातही काहीजण ताप घेऊनच आले होते. रोज सकाळी कुठल्या झापातून हुंदका येतो याची माणसं पडल्या पडल्या वाट बघायची. मग ते कमी झालं. गोदाने दगड मांडून चूल केली आणि जे होतं ते शिजवलं. एक दिवस नुसती पेज, एक दिवस पेजेत मीठही नाही. तुळसा कितीतरी दिवस झापाबाहेर आली नाही. मग एकदा आपण होऊन विळी ओढली आणि कांदा चिरायला बसली.

संध्याकाळी माळावरून आळी दिसायची. तिथे आता दिवे लागत नव्हते. मागे राहिलेल्यांची चूल कुणाची पेटली ते धुरावरून कळायचं, आणि धूर दर दिवशी कमी व्हायचा. रंगूबाईच्या घरावरचा धूर बंद झाला तेव्हा गोदाने शेळीच्या गळ्यात हात टाकला आणि तशीच बसून राहिली. साथीच्या तपासणीची सरकारी माणसं आत गेली तेव्हा म्हातारी उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून बसलेली सापडली म्हणतात.

साहेबाच्या हुकुमाने घरांची कौलं उतरवून आत ऊन घेतलं गेलं, भिंतींना चुना मारला, सडलेलं धान्य जाळलं. त्या जळक्या दाण्यांचा वास खाडीवरच्या वाऱ्याबरोबर माळापर्यंत यायचा, आणि भुकेली पोरं तो वास घेऊन विचारायची, काय भाजतायत. अण्णा होळीच्या सुमाराला गेले. गाठीने नाही, दम्याने. त्यांचा आराखडा कमिटीच्या दप्तरात कुठेतरी राहिला असेल.

पावसाळ्याआधी परत जायची मुभा मिळाली. काही गेले. गोदा एकदा जाऊन आली. आपली ओटी बघितली, कौलांशिवाय उघडं पडलेलं घर बघितलं, आणि परत फिरली. पुढच्या थंडीत ताप पुन्हा आला, आणि गेलेले पुन्हा बोचकी घेऊन माळावर आले. मग त्यांनी परत जायचं सोडून दिलं. झापांच्या जागी कुडाची घरं झाली. गोदाने प्रत्येकाला दोन घरांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा सोडायला लावली. कुणी ऐकलं नाही तर त्याचा कूड ती स्वतः उपटायची. तुळसाने खानावळ हातात घेतली. विहिरीला पाणी लागलं. एक वाणी आला, एक न्हावी आला. वस्ती दिसायला लागली.

आणि मग एका सकाळी उत्तमशेटचा मुनीम माळावर आला. शेट त्या साथीत तगले होते; स्टेशनाजवळ त्यांचं पुन्हा जोरात चाललं होतं. मुनीम घाम पुसत गोदाच्या ओटीवर टेकला, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "जागा छान उंचावर आहे, बाई. कोरडी. शेट विचारतायत, धान्य ठेवायला एखादा आडोसा मिळेल का? भाडं चोख देऊ. तुमच्या लोकांना हमाली मिळेल."

ओटीवर जेवायला बसलेली माणसं जेवायची थांबली. त्यांच्यातल्या पुष्कळांना कितीतरी दिवस काम नव्हतं. सगळी गोदाच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांना तिच्याकडून काय ऐकायचंय ते तिला दिसत होतं.

"जेवलात का?" गोदाने मुनिमाला विचारलं.

"नाही अजून."

तिने त्याच्यापुढे भात वाढला. तो जेवला, हात धुतला, उत्तराची वाट बघत बसला, आणि उन्हं कलल्यावर उठून गेला. गोदाने हो म्हटलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. त्याच्याबरोबर पावलांनी जागा मोजणारा एक माणूस होता.